वाचकांचे प्रश्न : 'डिस्कस'पुढे 'अबाउट' का नको?

या महिन्यात टपालानं आणि व्हॉट्सॲपवर आलेले बहुतेक प्रश्न इंग्रजीतल्या प्रिपोझिशनचेच आहेत, म्हणजे इन, ऑन, टु, फॉर, अबाउट, विथ हे सगळे, आणि त्यातही कुठलं घालायचं यापेक्षा घातलेलं का कापलं हीच तक्रार जास्त आहे. म्हणून या वेळचं सगळं पान त्यालाच देते. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, मोठ्यानं वाचून बघा, कानाला लवकर कळतं.

प्रश्न : ताई, मी भंवरकुआंला बँकेच्या परीक्षेची तयारी करून राहिलो आहे. प्रॅक्टिस सेटमध्ये वाक्य होतं, 'द मॅनेजर डिस्कस्ड अबाउट द न्यू रूल्स विथ द स्टाफ'. मी 'नो एरर' केलं आणि मार्क गेले, उत्तरात लिहिलेलं की 'अबाउट' चुकीचा आहे. पण त्याच सेटमध्ये पुढे 'देअर वॉज अ लाँग डिस्कशन अबाउट द न्यू रूल्स' हे बरोबर धरलं आहे. चर्चा तर दोन्हीकडे नियमांबद्दलच झाली ना? कोचिंगच्या सरांना विचारलं तर म्हणाले लिस्ट पाठ कर, आणि ती लिस्ट दोन पानांची आहे.
– एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : लिस्ट पाठ करू नकोस, निदान आधी तरी नको. तू जी दोन वाक्यं शेजारी ठेवलीस ना, त्यातच सगळं उत्तर आहे, फक्त कोणी तुला ती दोन्ही एकत्र बघ असं सांगितलं नाही, आणि याचंच मला फार वाईट वाटतं, कारण मुलं इतकी मेहनत करतात आणि हातात मिळते फक्त यादी.

तर बघ. 'डिस्कस' हे व्हर्ब आहे आणि 'डिस्कशन' हे नाउन. इंग्रजीत व्हर्बला आपलं कर्म सरळ घेता येतं, नाउनला येत नाही, नाउनला पुढच्या शब्दाशी जोडायला मधे काहीतरी लागतं. म्हणून 'डिस्कस द रूल्स' पण 'डिस्कशन अबाउट द रूल्स'. ही एकच जोडी नाही, अशा ढीगभर आहेत. 'शी रिक्वेस्टेड अ ट्रान्सफर' पण 'हर रिक्वेस्ट फॉर अ ट्रान्सफर'. 'वी ऑर्डर्ड टू कॉफीज' पण 'ॲन ऑर्डर फॉर टू कॉफीज'. 'द वर्कर्स डिमांडेड अ बोनस' पण 'द डिमांड फॉर अ बोनस'. 'आय कॉन्टॅक्टेड द ब्रँच' पण 'आय ॲम इन कॉन्टॅक्ट विथ द ब्रँच'. 'द डॉग अटॅक्ड हिम' पण 'ॲन अटॅक ऑन हिम'. 'आन्सर द क्वेश्चन' पण 'द आन्सर टु द क्वेश्चन'. 'ही एम्फसाइझ्ड धिस पॉइंट' पण 'हिज एम्फसिस ऑन धिस पॉइंट'. 'ही लॅक्स कॉन्फिडन्स' पण 'अ लॅक ऑफ कॉन्फिडन्स'. आता तुझी दोन पानांची लिस्ट काढ आणि प्रत्येक शब्दाशेजारी त्याचं नाउन लिहून बघ, त्यातली बरीच चूक अशीच झालेली दिसेल, नाउनचं प्रिपोझिशन उचलून व्हर्बला लावलं.

पण मग प्रश्न पडतो की आपल्या हातून हे इतक्या सहज का होतं. याचं कारण माझ्या मते आपल्या मराठीतच आहे, आणि इंदुरात दिवसभर जी हिंदी बोलतो तिच्यातही तेच आहे. आपण 'डिस्कस' एका शब्दात म्हणत नाही, आपण 'चर्चा करणं' म्हणतो. विनंती करणं, मागणी करणं, संपर्क करणं, हल्ला करणं, लग्न करणं, प्रवेश करणं, उल्लेख करणं, वर्णन करणं, फोन करणं, सगळीकडे एक नाम आणि पुढे करणं. आणि त्या नामाला आपलं आपलं काहीतरी हवं असतं : नियमांवर चर्चा, बदलीची विनंती, बँकेशी संपर्क, त्याच्यावर हल्ला, खोलीत प्रवेश, तिच्याशी लग्न. हे वर, ची, शी, त आपल्या डोक्यात इतके पक्के बसलेले असतात की इंग्रजी बोलताना त्यांच्यासाठी आपण आपोआप एकेक प्रिपोझिशन शोधतो, आणि मग होतं 'डिस्कस अबाउट', 'रिक्वेस्ट फॉर', 'कॉन्टॅक्ट विथ', 'अटॅक ऑन', 'एन्टर इन', 'मॅरी विथ'. हिंदीवाला मित्र पण हेच म्हणतो कारण त्याच्याकडे 'के बारे में चर्चा करना' आणि 'से शादी करना' आहे. म्हणजे इंग्रजी कच्चं म्हणून हे होतं असं नाही, आपली भाषा पक्की आहे म्हणून होतं.

तर ज्या इंग्रजी व्हर्बचं मराठी 'अमुक करणं' असं दोन शब्दांत होतं, तिथे जरा थांबायचं आणि पुढचं प्रिपोझिशन खरंच हवं आहे का ते बघायचं. हा नियम नाही, फक्त थांबायची खूण आहे.

आणि बघायचं कसं, तर वाक्य पॅसिव्हमध्ये उलटव. 'द रूल्स वेअर डिस्कस्ड' असं म्हणतात, 'द रूल्स वेअर डिस्कस्ड अबाउट' असं म्हणायला जीभच वळत नाही. म्हणजे अबाउट फालतू. 'द ब्रँच वॉज कॉन्टॅक्टेड', 'अ ट्रान्सफर वॉज रिक्वेस्टेड', 'द पॉइंट वॉज मेन्शन्ड', सगळे प्रिपोझिशनशिवाय नीट उभे राहतात. आता 'लाफ ॲट' घे. 'ही वॉज लाफ्ड ॲट', इथे ॲट काढला की वाक्य पडतं, म्हणजे तो कामाचा आहे. 'द कंप्लेंट वॉज लुक्ड इन्टु', इथेही इन्टु जाऊ शकत नाही. परीक्षेत अडलास तर मनातल्या मनात हे करायला दोन सेकंद लागतात. 'रिझेम्बल' आणि 'लॅक' मात्र पॅसिव्हमध्ये जातच नाहीत, तिथे ही युक्ती चालणार नाही, ते दोन तेवढे लक्षात ठेव : 'ही रिझेम्बल्स हिज फादर', मधे टु नाही, लाइक नाही, विथ तर नाहीच.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. हे समजलं की मुलं दुसऱ्या टोकाला जातात आणि दिसेल ते प्रिपोझिशन कापत सुटतात, मग 'लिसन मी', 'वेट मी', 'एक्सप्लेन मी धिस सम' असलं ऐकू येतं. लिसन टु, वेट फॉर, लुक ॲट, यांचं प्रिपोझिशन हलत नाही. वेटचा भाऊ 'अवेट' मात्र सरळ कर्म घेतो, म्हणून 'वेटिंग फॉर युअर रिप्लाय' आणि 'अवेटिंग युअर रिप्लाय', आणि 'अवेटिंग फॉर' हे जे सरकारी पत्रांत दिसतं ते चूक. 'टेल मी' पण 'से टु मी' आणि 'एक्सप्लेन इट टु मी'. मराठीत तिघांनाही 'मला'च लागतं, म्हणून मराठीवरून हे कधी ठरणार नाही.

प्रश्न : नमस्कार ताई, माझी मुलगी नववीत आहे, इंग्लिश मीडियमला. अहिल्यादेवींवर निबंध लिहिला होता, छान लिहिलाय, पण टीचरनी पाच ठिकाणी लाल गोल केले. 'अहिल्याबाई मॅरीड विथ खंडेराव', 'मल्हारराव रिटर्नड बॅक टु इंदूर', 'शी कोप्ड अप विथ मेनी डिफिकल्टीज', 'शी रीबिल्ट द काशी विश्वनाथ टेंपल अगेन' आणि 'शी रूल्ड ओव्हर माळवा'. पोरगी रडवेली झाली. आमच्या घरात तर सगळे असंच बोलतात, माझे मिस्टर ऑफिसच्या मेलमध्ये पण 'रिव्हर्ट बॅक' लिहितात. हे पाचही खरंच चूक आहे का?
– एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : पाच नाही. तीन पक्क्या चुका आहेत, एक अर्धी आहे, आणि एक चूक नाहीच, तो गोल टीचरनी काढायला नको होता. मुलीला हे नक्की सांगा.

जी चूक नाही ती आधी घेते. 'शी रूल्ड ओव्हर माळवा' अगदी बरोबर इंग्रजी आहे. 'रूल्ड माळवा' पण चालतं, 'रूल्ड ओव्हर माळवा' पण चालतं. रूल हे अशा मोजक्या व्हर्बपैकी आहे की ज्याला दोन्ही रस्ते मोकळे आहेत. टीचरना जाऊन शांतपणे विचारा, शब्दकोश उघडून दाखवा, त्यांनाही बरंच वाटेल.

'मॅरीड विथ' चूक. कारण वर लिहिलेलंच, लग्न 'शी' करतात म्हणून विथ. 'अहिल्याबाई मॅरीड खंडेराव' पुरेसं आहे. पण 'शी वॉज मॅरीड टु खंडेराव' असंही लिहिता येतं, तिथे टु लागतो, विथ तिथेही नाही.

'रिटर्नड बॅक' वेगळ्या जातीची चूक आहे. व्याकरणात बघाल तर इथला 'बॅक' प्रिपोझिशन नाहीच, ॲडव्हर्ब आहे, पण फालतूपणा तोच. रिटर्नमधला जो सुरुवातीचा 'रि' आहे तो लॅटिनमधून आलाय आणि त्याचा अर्थच परत किंवा पुन्हा असा आहे, म्हणून रिटर्न बॅक म्हणजे आपलं गाईचं गोमूत्र. मराठीत आपण 'पिवळा पीतांबर' म्हटलं की लगेच हसतो कारण पीत म्हणजे पिवळा हे ठाऊक असतं, इंग्रजीतला 'रि' मात्र नजरेत येत नाही. रिपीट अगेन, रिप्लाय बॅक, रीपे बॅक, सगळे तसेच. गो बॅक, गिव्ह बॅक, कम बॅक यांतला बॅक मात्र अजिबात काढायचा नाही, तिथे सगळा अर्थच तो वाहतो. तुमच्या मिस्टरांच्या 'रिव्हर्ट बॅक'मध्ये बॅक तर जास्तीचा आहेच, शिवाय रिव्हर्टचा मुळातला अर्थ आधीच्या स्थितीला परत जाणं असा आहे, उत्तर देणं हा अर्थ आपल्याकडच्या ऑफिसांत रूढ झाला. भारतातल्या भारतात मेल असेल तर सगळ्यांना कळतं, बाहेर पाठवायचा असेल तर सरळ 'रिप्लाय' लिहावं.

'कोप्ड अप विथ' मधला 'अप' काढायचा, 'कोप्ड विथ'. हा अप कुठून आला ते मला वाटतं 'कीप अप विथ' आणि 'कॅच अप विथ' यांच्यावरून आला असावा, कानाला तीनही एकसारखे लागतात.

आता ती अर्धी चूक, 'रीबिल्ट द टेंपल अगेन'. रीबिल्टमध्ये पुन्हा आलंच, मग अगेन कशाला, हे टीचरचं म्हणणं सहसा बरोबर. पण या मंदिराच्या बाबतीत थोडं थांबावं लागतं. काशी विश्वनाथाचं मंदिर अकबराच्या काळात एकदा पुन्हा उभं राहिलं होतं, ते १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकुमानं पाडलं गेलं, आणि आज जे मंदिर आपण बघतो ते अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधवलं. म्हणजे एकदा पुन्हा बांधलेलं परत एकदा पुन्हा बांधलं, आणि असं असेल तेव्हा 'रीबिल्ट अगेन' म्हणणं चूक नाही, अगेन काहीतरी नवीन सांगतो. मुलीच्या निबंधात आधीच्या मंदिराचा उल्लेख असेल तर अगेन राहू दे, नसेल तर काढावा. शब्द जास्तीचा आहे की नाही हे पुष्कळदा त्या शब्दावर नाही, मागच्यापुढच्या मजकुरावर ठरतं, आणि नववीतल्या मुलीला हे समजू शकतं, तिला लहान समजू नका.

प्रश्न : मी रामबागेत राहतो, आयुष्यभर कोर्टाच्या कागदपत्रांचं टायपिंग केलं. हजारो करारनाम्यांत 'द पार्टीज हॅव एन्टर्ड इन्टु ॲन ॲग्रीमेंट' असं टाइप केलं आहे. परवा नातू म्हणाला की आजोबा, एन्टरच्या पुढे इन्टु लावत नाहीत, शाळेत शिकवलंय. मग काय वकील आणि न्यायाधीश सगळे चुकीचं लिहीत होते?
– एक आजोबा, इंदूर

उत्तर : काका, तुम्ही टाइप केलेलं शंभर टक्के बरोबर आहे आणि नातवाला शिकवलेलंही बरोबर आहे, फक्त त्याला अर्धं शिकवलं. खोलीत, दुकानात, शहरात, म्हणजे खऱ्या जागेत शिरायचं असेल तर 'ही एन्टर्ड द रूम', इन्टु नाही. पण करारात, वाटाघाटीत, पत्रव्यवहारात उतरायचं असेल तर 'एन्टर इन्टु' हवंच. 'एन्टर्ड ॲन ॲग्रीमेंट' असं तुम्ही टाइप केलं असतं तर वकिलांनी कागद परत पाठवला असता, आणि बरोबरच होतं ते.

तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण 'या व्हर्बपुढे प्रिपोझिशन येत नाही' अशा याद्या ज्या मुलांना देतात त्या इथेच घात करतात. काही व्हर्ब प्रिपोझिशनशिवाय एक सांगतात आणि प्रिपोझिशन लावलं की दुसरंच. 'अटेंड' बघा. 'आय अटेंडेड द वेडिंग', लग्नाला हजर होतो. 'द नर्स इज अटेंडिंग टु द पेशंट', नर्स पेशंटकडे बघते आहे. 'सर्च' बघा. 'द पोलीस सर्च्ड द मॅन', पोलिसांनी त्या माणसाची झडती घेतली, खिसे तपासले. 'द पोलीस सर्च्ड फॉर द मॅन', माणूस सापडतच नव्हता, त्याला शोधत होते. एका 'फॉर'नं माणूस पोलिसांच्या समोर उभा आहे की फरार आहे हे ठरतं, आणि कोर्टाच्या कागदात हा फरक किती मोठा हे तुम्हाला मी काय सांगणार.

'अप्रूव्ह' पण तसाच. 'द मॅनेजर अप्रूव्ह्ड माय लीव्ह', मंजूर केली, सही झाली. 'माय फादर डझंट अप्रूव्ह ऑफ धिस मॅच', वडिलांना हे स्थळ पसंत नाही, इथे सहीशिक्क्याचा संबंध नाही, मनाचा आहे. 'आय बिलीव्ह यू' म्हणजे तुम्ही आत्ता जे सांगितलंत ते मला खरं वाटतं, 'आय बिलीव्ह इन यू' म्हणजे तुमच्यावर, तुमच्या कुवतीवर माझा भरवसा आहे. 'आय नो हिम' म्हणजे ओळखतो, 'आय नो ऑफ हिम' म्हणजे नाव ऐकून आहे, भेट नाही.

आणि यातली मला सगळ्यात आवडणारी जोडी : 'ही शॉट द टायगर' आणि 'ही शॉट ॲट द टायगर'. पहिल्यात गोळी लागली. दुसऱ्यात वाघाच्या दिशेनं झाडली, लागली की नाही वाक्य सांगत नाही. 'किक्ड द बॉल' आणि 'किक्ड ॲट द बॉल' मध्येही तेच, दुसऱ्यात पाय हवेतच गेला असू शकतो. कर्म सरळ आलं की क्रिया त्याच्यापर्यंत पोचली, मधे ॲट आला की नुसता रोख कळला. सगळ्याच व्हर्बना हे लागू होत नाही, पण जिथे होतं तिथे ते छोटंसं अक्षर फार काम करतं. नातवाला तुमच्याकडचा एखादा जुना करारनामा दाखवा, शाळेच्या वहीपेक्षा तो त्याला लवकर पटेल.

प्रश्न : वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ नये असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मग 'व्हिच हाउस डू यू लिव्ह इन' मधला 'इन' फालतू धरायचा का?
– एक शिक्षिका, महू

उत्तर : नाही, तो कामाचा आहे, कारण घरात राहतो, घर राहत नाही. शेवटी प्रिपोझिशन नको हा आग्रह जुना आहे, जॉन ड्रायडन या कवीनं १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लिखाणात हा दोष दाखवला आणि पुढच्या व्याकरणाच्या मास्तरांनी तो उचलून धरला, पण इंग्रज माणूस तेव्हाही तसं बोलत होता आणि आजही बोलतो. आज कोणी जाणकार याला चूक म्हणत नाही.

खरी चूक वेगळीच आहे आणि ती या नियमाच्या भीतीनंच होते. शेवटी नको म्हणून प्रिपोझिशन पुढे आणतात आणि मागचं काढायला विसरतात : 'द कॉलेज इन व्हिच आय स्टडीड इन', 'फ्रॉम व्हेअर आर यू कमिंग फ्रॉम'. एकच काम दोघांना दिलं. एक ठेवा, पुढचं ठेवा नाहीतर मागचं, तुमची मर्जी. 'व्हेअर आर यू कमिंग फ्रॉम' सगळ्यात सहज वाटतं. मुलांना फळ्यावर ही वाक्यं देऊन एक इन खोडायला सांगा, कुठला खोडायचा यावर वर्गात मस्त वाद होतो आणि दोघंही बरोबर निघतात.

प्रश्न : हाय मॅम, मी इथल्या एका आयटी कंपनीत आहे, आमचा क्लायंट अमेरिकन आहे. मी मेलमध्ये 'आय विल कॉल यू ऑन टुमॉरो' लिहिलं तर टीम लीडनं ऑन कापला. पण क्लायंट स्वतः 'वी मेट विथ द व्हेंडर', 'आउटसाइड ऑफ द ऑफिस', 'प्लीज राइट मी' असं लिहितो. त्याचं फालतू चालतं आणि आमचं नाही, असं का? आणि 'राइट मी' मध्ये तर उलटं टु गायब आहे!
– एक वाचक, विजय नगर, इंदूर

उत्तर : तुझं निरीक्षण छान आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीत प्रिपोझिशनचा हिशोब जागोजागी वेगळा आहे, आणि आपली पुस्तकं बहुतेक ब्रिटिश वळणाची आहेत. अमेरिकेत 'मीट विथ' म्हणजे ठरवून बसून मीटिंग करणं, रस्त्यात सहज भेटलं तर तेही नुसतं 'मेट' म्हणतात. 'आउटसाइड ऑफ', 'इनसाइड ऑफ' तिकडे बोलण्यात सर्रास आहे, काटेकोर लिहिताना तेही कधीकधी ऑफ गाळतात. 'राइट मी' अमेरिकन, 'राइट टु मी' ब्रिटिश. तिकडे 'प्रोटेस्ट द डिसिजन' आणि 'अपील द व्हर्डिक्ट' लिहितात, इकडे आणि ब्रिटनमध्ये 'प्रोटेस्ट अगेन्स्ट', 'अपील अगेन्स्ट'. म्हणजे क्लायंट चुकत नाहीये, त्याच्या गावची रीत आहे ती. त्याला उत्तर देताना त्याची रीत उचललीस तरी चालेल, पण परीक्षेला बसणार असशील तर पुस्तकातली धर.

'ऑन टुमॉरो' मात्र कुठल्याच गावी चालत नाही. टुडे, टुमॉरो, यस्टर्डे यांना या वापरात इन-ऑन काही लागत नाही, आणि वेळेच्या शब्दाआधी धिस, नेक्स्ट, लास्ट, एव्हरी यांपैकी काही आलं की तिथलाही इन-ऑन गळतो : 'ऑन मंडे' पण 'नेक्स्ट मंडे', 'इन द मॉर्निंग' पण 'एव्हरी मॉर्निंग'. मराठीत आपण 'येत्या सोमवारी' म्हणतो, त्यातल्या 'ई'साठी बिचारा ऑन शोधला जातो. अमेरिकन तर नुसतं 'सी यू मंडे' पण म्हणतात. जागेचेही काही शब्द असेच आहेत, हिअर, देअर, अब्रॉड, अपस्टेअर्स, आणि होम : 'गो अब्रॉड', 'कम हिअर', 'गो होम', मधे टु नाही. होमच्या मागे कुणाचं ते आलं तर मात्र टु परत येतो, 'आय वेंट टु माय अंकल्स होम'. आणि रीच हे व्हर्ब तर जागा कुठलीही असो टु घेत नाही, 'आय रीच्ड होम', 'आय रीच्ड द स्टेशन', आपण मात्र स्टेशन'ला' पोचतो म्हणून 'रीच्ड टु द स्टेशन' होतं.

उरलेल्या पत्रांना थोडक्यात.

'डिस्पाइट ऑफ' की 'इन स्पाइट ऑफ', असं एका वाचकांनी विचारलंय. दोन्हींचा अर्थ एकच, पण ऑफ फक्त इन स्पाइटपुढे. 'डिस्पाइट द रेन', 'इन स्पाइट ऑफ द रेन'.

जेल रोडच्या एका ताईंना 'कॉम्प्राइज' अडलाय. 'द कमिटी कॉम्प्रायझेस सेव्हन मेंबर्स', ऑफ नाही. ऑफ हवा असेल तर 'कन्सिस्ट्स ऑफ' घ्या. 'इज कॉम्प्राइज्ड ऑफ' हे चांगल्या चांगल्या वर्तमानपत्रांत दिसतं आणि त्यावर जाणकारांत मतभेद आहेत, पण परीक्षेत ते लिहून मार्क पणाला लावू नका, आणि 'कॉम्प्रायझेस ऑफ' तर कुठेच नको.

पीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलीनं निबंधात 'इंदूर इज कॉल्ड ॲज मिनी मुंबई' लिहिलं होतं, त्यातला ॲज का कापला विचारते. कॉल थेट नाव लावतो, 'इंदूर इज कॉल्ड मिनी मुंबई'. ॲज हवाच असेल तर व्हर्ब बदल, 'इज नोन ॲज मिनी मुंबई'. कन्सिडर आणि रिगार्डमध्ये हीच अडचण येते, 'आय कन्सिडर हिम अ फ्रेंड' पण 'आय रिगार्ड हिम ॲज अ फ्रेंड'. कन्सिडरपुढेही ॲज लावलेला छापील मजकुरात सापडतो, पण एरर शोधायच्या पेपरात तोच हमखास पकडतात, तेव्हा तिथे गाळलेलाच बरा.